काळी पडलेली बार्ली आणि पोत्यावरचं प्रोटीन



होळी झाली की दरवर्षी आपल्या दूधवाल्यांत एकच चर्चा सुरू होते, ओली बार्ली घ्यायची की वाळलेली? भावावर बोलणं होतं, गाडीभाड्यावर होतं, पाणी किती धरलंय यावरही होतं. पण वाळवताना त्या मालाला किती आच लागली, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा हिशेब तिथंच आहे, म्हणून आज फक्त त्यावरच लिहितो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हा माल काय आहे ते बघू. वाळूज एमआयडीसीत बिअरचे कारखाने आहेत, त्यामुळं आपल्या गंगापूर-वैजापूर पट्ट्यात हा चोथा जुनाच ओळखीचा. आपण सगळे त्याला सरळ 'बार्ली' म्हणतो, पण ती आख्खी बार्ली नाही. कारखान्यात येतो तो माल्ट, म्हणजे भिजवून मोड आणलेली आणि भट्टीवर वाळवलेली बार्ली. साध्या फिक्या माल्टला त्या भट्टीत शेवटी साधारण ८० ते ८५ अंशांची उष्णता मिळालेली असते. मग तो भरडून गरम पाण्यात ६२ ते ६८ अंशांवर ठेवतात. तिथं पिठाची साखर होते. शेवटी ७५-७८ अंशांपर्यंत तापवून साखरेचं पाणी गाळून घेतात, वरून आणखी गरम पाणी सोडून उरलीसुरली साखरही धुऊन काढतात. साखर गेली बिअरला. मागं राहिलं ते टरफल, थोडं तेल आणि प्रोटीन. तो आपला चोथा.

म्हणजे एक गोष्ट लक्षात घ्या. ओली बार्ली 'कच्ची' नसते. आपल्या गव्हाणीत येण्याआधी तिला दोनदा ऊब लागून गेलेली असते. तिसरी ऊब लागते ती वाळवताना, आणि घोळ होतो तो या तिसऱ्या वेळेला.

ओल्या बार्लीत ७५ ते ८० टक्के पाणी असतं. कोरडा भाग जो उरतो त्यात साधारण २४ ते २८ टक्के प्रोटीन, ६ ते ८ टक्के तेल, बाकी बराचसा तंतू. आता हिशेब करा. एक टन ओला माल, ७८ टक्के पाणी. कोरडा भाग २२० किलो. तो १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर पोत्यात भरतो २४४ किलो. म्हणजे जवळजवळ ७५६ लिटर पाणी उडवायचं. एवढं पाणी उडवायला, सगळीच्या सगळी उष्णता कामी आली असं धरलं तरी, सव्वाशे किलोच्या आसपास वाळलं लाकूड लागतं. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त, कारण निम्मी-पाऊण आच धुराड्यातून जाते.

हा खर्च डोळ्यापुढं ठेवला की वाळवणाऱ्याचं वागणं समजतं. त्याला इंधन वाचवायचंय आणि दिवसाला गाड्या जास्त काढायच्यात. मग आच वाढवायची आणि माल झटपट बाहेर काढायचा. कुणी वाईट मनानं करतो असं नाही, पाणीच इतकं आहे की तो तरी काय करील. ज्यांच्याकडं स्क्रू प्रेस आहे ते आधी माल पिळून घेतात. ७८ टक्के पाण्याचा माल पिळून ६५ टक्क्यांवर आणला तर वर सांगितलेल्या ७५६ लिटरपैकी ३७० लिटर आच न लावताच निघतं. निम्मं काम झालं. पिळलेल्या पाण्याबरोबर थोडं विरघळलेलं प्रोटीन जातं, पण जळण्यापेक्षा ते परवडलं.

आता गायीच्या पोटात जाऊ.

गाईचं पहिलं पोट, कोटीपोट, म्हणजे एक मोठी कणगी आहे आणि त्यात अब्जावधी जीवाणू राबतात. आपण टाकलेलं प्रोटीन ते फोडतात, त्याचा अमोनिया करतात आणि त्या अमोनियातून स्वतःचं अंग वाढवतात. पुढं ते जीवाणूच चौथ्या पोटात आणि आतड्यात जाऊन पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रोटीनचा मोठा भाग हा जीवाणूंचाच. पण अमोनिया गरजेपेक्षा जास्त झाला तर तो रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मुतातून, थोडा दुधातून बाहेर. म्हणजे आपले पैसे गोठ्याच्या गटारीत.

जास्त दुधाच्या गाईला नुसत्या जीवाणूंवर भागत नाही. तिला असं थोडं प्रोटीन लागतं जे कोटीपोटात न फुटता पुढं आतड्यात जाऊन पचेल. त्यालाच आपण 'बायपास प्रोटीन' म्हणतो. आणंदच्या एनडीडीबीनं पेंडीवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून हेच साधलं. सोयाबीन भाजून घालतात तेही त्यासाठीच. उष्णतेनं प्रोटीनची घडी बदलते, ते घट्ट होतं, जीवाणूंना लवकर फोडता येत नाही.

बार्लीच्या बाबतीत हीच गंमत आहे. माल्टच्या भट्टीत आणि गरम पाण्यात आधीच ऊब लागल्यामुळं ओल्या बार्लीतही बायपासचा वाटा चांगला असतो. आणि नीट वाळवलेल्या बार्लीत तो ओल्यापेक्षाही जास्त असतो. म्हणून 'वाळवलं म्हणजे सत्त्व गेलं' असं जे आपल्यात म्हणतात, ते सरसकट खरं नाही. बेताची आच ही गाईच्या फायद्याची आहे.

बिघडतं ते बेत सुटल्यावर.

घरात खवा आटवताना बघितलंय ना? दूध आधी पांढरं, मग साईच्या रंगाचं, मग बदामी. आच लागली, हात थांबला की तळाला तपकिरी. हा रंग साखर जळल्याचा नुसता नाही. दुधातली साखर आणि दुधातलं प्रोटीन एकमेकांना चिकटल्याचा तो रंग आहे. भाकरीच्या पापुद्र्यावरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, बिस्किटाचा रंग, सगळीकडं तीच क्रिया. लुई कमिय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ती मांडली, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात.

यात साखर पहिल्यांदा पकडते ती प्रोटीनमधल्या लायसिनला. लायसिन हे प्रोटीनच्या माळेतल्या मण्यांपैकी एक मणी, आणि दूध तयार करायला गाईला नेमका तोच भरपूर लागतो. दुधाच्या प्रोटीनमध्ये लायसिन जवळपास ८ टक्के असतं. बार्लीच्या प्रोटीनमध्ये मुळातच ३-४ टक्के. मक्यात त्याहून कमी. म्हणजे आधीच तुटपुंजं, त्यात आच लावून आपण तेच बांधून टाकतो.

सुरुवातीला ही गाठ सैल असते. तेवढ्यानं जीवाणूंपासून बचाव होतो आणि पुढं आतड्यात प्रोटीन पचतंही. आच आणि वेळ वाढला की गाठ पक्की होते, रंग गडद होतो. मग ते कोटीपोटातही फुटत नाही आणि आतड्यातही पचत नाही. कोटीपोट बायपास, आतडंही बायपास, थेट शेणात. त्याला बायपास प्रोटीन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा!

आता ह्यातली सगळ्यात त्रासाची गोष्ट. प्रयोगशाळेची साधी तपासणी हा फरक दाखवत नाही. तिथं नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. झालं प्रोटीन. नत्र पचणारं आहे की जळून बसलेलं, हे त्या आकड्याला कळत नाही. बार्ली सोनेरी असू द्या की कोळशासारखी, दोन्हींचं प्रोटीन २६ टक्केच येणार. पोत्यावर छापलेलं खोटं नसतं, अपुरं असतं.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या वस्तीवर हेच घडलं. तिथल्या तात्यांकडं आठ दुभत्या गाई. ओली बार्ली उन्हात टिकेना म्हणून त्यांनी एका व्यापाऱ्याकडून दोन टन वाळलेली घेतली. नेहमीच्या भावापेक्षा किलोमागं चार रुपये कमी. दहा किलो ओली बंद करून त्या जागी अडीच किलो वाळलेली सुरू केली. कोरड्या भागाचा हिशेब बघितला तर बरोबर होता. दहा किलो ओलीत २.२ किलो कोरडा भाग, अडीच किलो वाळलेलीत त्याहून किंचित जास्तच.

तात्यांच्या सूनबाई गोठ्याची वही ठेवतात. कोणत्या गाईनं सकाळ-संध्याकाळ किती दिलं, डेअरीची फॅट-एसएनएफची चिठ्ठी, सगळं. दहा-बारा दिवसांनी त्यांनीच सांगितलं की जास्त दूध देणाऱ्या चार गाई दीड-दीड लिटरनं उतरल्या आणि एसएनएफ ८.५ वरून ८.२ वर आला. कमी दुधाच्या गाईंत फरक नव्हताच. तात्यांचं म्हणणं, ऊन वाढलंय, दुसरं काय. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, ऊन आठी गायींना सारखंच हाय. मग चारच का उतरल्या?"

प्रश्न बिनतोड होता. मला बोलावलं. पोत्यात हात घातला तर बार्ली कॉफीच्या भुकटीसारखी गडद, बारीक भाग जास्तच काळा, आणि वास गूळ करपल्यासारखा. मी म्हटलं, "तात्या, ही वाळवलेली नाही, भाजलेली हाय."

तात्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मालक, रिपोर्ट बघा ना, प्रोटीन सत्तावीस टक्के हाय. ल्याबचा शिक्का हाय." रिपोर्ट खरा होता. मी स्वतः बघितला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर भांडायलाही जागा नव्हती.

आम्ही साधं काम केलं. सहा गाई निवडल्या, दूध आणि वेत साधारण सारखं असलेल्या, तीन-तीनच्या दोन जोड्या केल्या. एका जोडीला तीच काळी बार्ली. दुसऱ्या जोडीची काळी बार्ली निम्मी केली आणि त्या जागी सोया डीओसी आणि थोडा मका भरडा असा दिला की कागदावरचं प्रोटीन दोन्हीकडं सारखं राहील. मुरघास, कडबा, पाणी, फॉगर सगळं एकच. बारा दिवसांनी जोड्यांची अदलाबदल. दोन्ही वेळेला सोया खाणाऱ्या जोडीचं दूध वर आलं, काळी बार्ली खाणारी जोडी मागं राहिली. अदलाबदल केल्यावर चित्रही उलटलं. सहा गाईंवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण तात्यांना उत्तर मिळालं. ऊन सगळ्यांना होतं, प्रोटीन मात्र कागदावर सारखं असून पोटात सारखं नव्हतं.

कमी दुधाच्या गाई का उतरल्या नाहीत, तेही यात आलं. त्यांची गरज जीवाणूंच्या प्रोटीनवर भागत होती. जिला वरचं बायपास लागत होतं, तिलाच फटका बसला. म्हणजे आपली सगळ्यात चांगली गाय आधी मार खाते. आणि एसएनएफ तीन पॉइंट उतरला की डेअरी भाव कापते, तो सगळ्याच दुधावर. चार रुपये किलोमागं वाचवले ते असे गेले.

आता वाळवताना नेमकं कुठं चुकतं ते सांगतो. गोल फिरणाऱ्या ड्रममध्ये आत सोडलेली हवा काहीशे अंश तापलेली असते. पण माल ओला आहे तोवर तो तेवढा तापत नाही. माठातलं पाणी झिरपून गार राहतं ना, तसंच. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. धोका सुरू होतो पाणी संपत आल्यावर. ओलावा मधल्या टप्प्यावर आला की मायार क्रियेचा जोर सगळ्यात जास्त असतो. फार ओल्यात ती मंद, अगदी कोरड्यात पुन्हा मंद, मधल्या टप्प्यात मात्र दाणादाण. त्या वेळी आच कमी करून मालाला लवकर बाहेर काढायला पाहिजे. तिथंच वेळ लागला की माल गेला.

त्यात आणखी एक भानगड. बारीक कण आधी वाळतात, जाड टरफल नंतर. टरफल वाळेपर्यंत ड्रम चालू ठेवला तर बारीक भाग करपतो. आणि बार्लीच्या चोथ्यात प्रोटीन जास्त असतं ते बारीक भागातच. म्हणजे सगळ्यात मोलाचा भाग सगळ्यात आधी जळतो. म्हणून माल बघताना वरवरचं टरफल बघू नका. चाळणीतून थोडा चाळा आणि खालच्या पिठाचा रंग बघा.

तिसरी गोष्ट, ड्रममधून निघालेला गरम माल तसाच पोत्यात भरून थप्पी मारली तर आतल्या आत रंग बदलणं चालूच राहतं. थप्पीच्या मधलं पोतं बाहेरच्या पोत्यापेक्षा गडद निघतं ते यामुळं. तांदूळ, गहू आपण गार करून भरतो, इथंही तसंच पाहिजे.

मागच्या दोन-तीन वर्षांत डीडीजीएस सगळीकडं दिसू लागलंय, मक्याचं आणि तांदळाचं. इथेनॉलच्या कारखान्यातून येतं. बरेच जण त्याला बार्लीचा भाऊ समजतात. नातं आहे, स्वभाव वेगळा आहे. बार्लीच्या चोथ्यातली साखर धुऊन निघालेली असते, त्यामुळं चिकटायला साखर थोडी. डीडीजीएसमध्ये मात्र आंबवून उरलेलं पाणी आटवून त्याचा पाक परत चोथ्यात मिसळतात आणि मग वाळवतात. त्या पाकात शिल्लक साखरही येते. म्हणून सारख्या आचेला डीडीजीएस बार्लीपेक्षा लवकर तपकिरी होतं. दुसरं म्हणजे धान्यातलं पीठ निघून गेल्यावर बाकी सगळं साधारण तिप्पट दाट होतं. प्रोटीन तिप्पट आणि मूळ धान्याला अफ्लाटॉक्सिन असेल तर तेही तिप्पट. वाळवण्याच्या उष्णतेनं अफ्लाटॉक्सिन भरवशानं जात नाही. ते खाल्लं की दुधात एम-१ रूपात उतरतं आणि दुधात त्याची कायद्यानं मर्यादा आहे, किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. हे डेअरीच्या तपासणीत सापडलं तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं, व्यापाऱ्याला नाही.

मग माल घेताना काय बघायचं?

रंग. चांगली वाळलेली बार्ली फिक्या सोनेरीपासून हलक्या बदामी रंगाची असते. गव्हाच्या कोंड्याच्या जवळपास. चहाच्या पुढं कॉफीकडं गेली की थांबा. एकच अपवाद, काळ्या बिअरसाठी भाजलेला माल्ट वापरला असेल तर चोथा मुळातच गडद येतो. पण आपल्याकडची बहुतेक बिअर फिकीच असते, त्यामुळं हा बहाणा सहसा ऐकून घेऊ नका.

वास. ताज्या बिस्किटासारखा, भाजलेल्या धान्यासारखा वास ठीक. करपल्या गुळाचा, धुराचा, नाकात झोंबणारा वास आला तर नको. कुबट आला तर बुरशी. खवट आला तर तेल बिघडलंय, कारण बार्लीत तेल चांगलंच असतं आणि उन्हाळ्यात साठवून ते खवट होतं.

नमुना. वरच्या पोत्याचा नाही, थप्पीच्या मधल्या पोत्याचा. मागच्या चांगल्या खेपेची मूठभर बार्ली काचेच्या बरणीत ठेवून द्या. नवा माल आला की शेजारी ठेवून बघा. डोळ्याला एवढं चांगलं माप दुसरं नाही.

तपासणी. मोठी खेप घ्यायची असेल, चार-पाच जण मिळून घेणार असाल, तर नुसतं क्रूड प्रोटीन नको. 'एडीआयएन' किंवा 'एडीआयसीपी' मागा. ऍसिड डिटर्जंटमध्ये उकळल्यावरही न सुटणारं, तंतूला धरून राहिलेलं जे नत्र, ते त्यात मोजतात. मुरघास आणि चाऱ्यात हा आकडा एकूण नत्राच्या १०-१२ टक्क्यांपुढं गेला की उष्णतेनं बिघाड झाला असं धरतात. बार्ली आणि डीडीजीएसला हीच फूटपट्टी जशीच्या तशी लावू नका, कारण चांगल्या मालातही हा आकडा शून्य नसतो आणि त्यातला काही भाग पचतोही. तुलना बार्लीची बार्लीशी, एका खेपेची दुसऱ्या खेपेशी. दुप्पट निघाला तर समजून घ्या. आणखी एक, करपलेल्या मालात लिग्निन आणि एडीएफही वाढलेले दिसतात. तंतू वाढलेला नसतो, जळलेलं प्रोटीन तंतूत मोजलं जातं.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, आपलं ऊन काय कमी आहे? बरोबर आहे. उन्हात ताडपत्रीवर बार्ली कधी करपत नाही. पण उन्हातला धोका उलटा आहे, आच कमी आणि वेळ जास्त. जाड थर टाकला की खालचा भाग आंबतो, माशा होतात, बुरशी धरते. बोटाच्या दोन पेरांपेक्षा जाड थर नको, दर दीड-दोन तासांनी हलवा, आणि पहिल्या दिवशी निम्म्याच्या वर पाणी गेलं पाहिजे. संध्याकाळी गोळा करून झाकला आणि सकाळी गरम लागला तर तो माल वाळत नाही, सडतोय. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत हा नाद करूच नका. माल्टच्या अवशेषांवर वाढणारी एक बुरशी, अ‍ॅस्परजिलस क्लॅव्हेटस, जनावराच्या मज्जासंस्थेवर जाते. अंग थरथरतं, मागचे पाय लुळे पडतात, जनावर बसतं ते उठत नाही. करपलेल्या मालानं दूध जातं, बुरशीच्या मालानं जनावर जातं. दोन्हींत निवडायची वेळ आली तर करपलेला बरा, पण निवडायची वेळ येऊच देऊ नये.

माझं स्वतःचं म्हणाल तर कारखाना ३०-४० किलोमीटरच्या आत असेल तर ओलीच घ्यावी आणि ड्रममध्ये दाबून मुरवावी. उन्हाळ्यात उघडी ओली बार्ली दोन-तीन दिवसांपलीकडं ठेवू नये. आली त्याच दिवशी, गरम असली तर थोडी निवू देऊन, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये किंवा मुरघासाच्या पिशवीत दाबून भरा, हवा राहू देऊ नका. पाणी फार सुटत असेल तर तळाला आणि मधूनमधून कडब्याची बारीक कुट्टी टाका, ती पाणी शोषते. तीन आठवड्यांनी उघडा. आच नाही, जळणं नाही, बायपास जसंच्या तसं. लांबून आणायची असेल तर मात्र प्रत्येक गाडीत आपण पाऊण गाडी पाण्याचं भाडं भरतो. तिथं वाळलेली परवडते, पण नीट वाळलेली.

खुराकात बसवताना तीन गोष्टी. एक, बार्लीचं प्रोटीन बरंचसं बायपास आहे, म्हणजे जीवाणूंना पटकन फुटणारं काहीतरी बरोबर लागतं. शेंगदाणा पेंड, हिरवा लसूणघास यातलं काही असू द्या. सगळंच बायपास दिलं तर कोटीपोट उपाशी राहतं आणि चाराही नीट पचत नाही. दोन, मका मुरघास, मका भरडा आणि वर मक्याचं डीडीजीएस असा खुराक असेल तर तिन्हीकडं लायसिनचा दुष्काळ. तिथं काळी बार्ली घालणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. थोडी सोया डीओसी ठेवाच. तीन, बार्लीत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. मिनरल मिक्स्चर बंद करू नका.

शेवटी पैशाचा हिशेब, कारण वाद तिथंच येतो. समजा, चांगली वाळलेली बार्ली २६ रुपये किलो आणि काळी २२ रुपये. दोन्हींत किलोला २३४ ग्रॅम प्रोटीन. चांगलीत त्यातलं १० टक्के बांधलेलं धरू, उरलं २१० ग्रॅम. काळीत ३० टक्के बांधलेलं धरू, उरलं १६४ ग्रॅम. कामाचं १०० ग्रॅम प्रोटीन चांगलीत पडलं १२ रुपये ४० पैशांना, काळीत १३ रुपये ४० पैशांना. स्वस्त माल रुपयानं महाग. उतरलेलं दूध आणि कापलेला एसएनएफ यात धरलेलाच नाही. टक्के मी हिशेबापुरते घेतलेत, तुमच्या मालाचे तुम्ही तपासून घाला, रीत हीच.

तात्यांकडं सव्वा टन काळी बार्ली उरली होती. व्यापाऱ्यानं परत घेतली नाही. ती फेकली नाही, फेकण्यासारखी नव्हतीच. तंतू आहे, तेल आहे. भाकड गाई, मोठ्या कालवडी आणि बैलजोडीला कोंड्याच्या जागी दिवसाला अर्धा-एक किलोप्रमाणं दिली. प्रोटीन निम्मंच धरलं. दुभत्या गाईंना एक किलोही नाही. पावसाळ्याच्या आत संपवली.

आता आमच्या वस्तीवर पाच जण मिळून गाडी मागवतात. पोती उतरवायच्या आधी सूनबाई बरणी घेऊन येतात, मधल्या थप्पीचं पोतं उसवायला लावतात, चाळून पीठ बघतात आणि मग 'उतरवा' म्हणतात. गेल्या महिन्यात एक गाडी त्यांनी तशीच परत लावली. ड्रायव्हर कुरकुरला, भाडं कोण देणार म्हणून. व्यापाऱ्यानं दिलं. आता तो गाडी भरायच्या आधी मोबाइलवर पिठाचा फोटो पाठवतो.

तुमच्याकडं वाळलेली बार्ली येत असेल तर या आठवड्यात एक काम करा. आत्ता चालू असलेल्या पोत्यातली मूठभर चाळून, खालचं पीठ पांढऱ्या कागदावर टाकून उजेडात बघा. आणि बरणी भरून ठेवा.